गाळलेली पाचवी ओळ

अर्जदार : तहसील कचेरीच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली टेबल मांडून बसणारा अर्जनवीस, वय वर्षे बावन्न, शिक्षण इयत्ता आठवी, राहणार अमरावती.

गैरअर्जदार : वरीलप्रमाणे.

घटनेचा काळ : पोळ्याच्या आठवडाभर आधीपासून महालक्ष्म्यांच्या सणापर्यंत, आणि त्यापुढचे बारा दिवस. ज्या वर्षी कचेरीसमोर शेतकऱ्यांच्या विधवांची रांग सकाळी नऊलाच लागत असे, ते वर्ष.

ठिकाण : अमरावतीतील माझे दोन खोल्यांचे घर, तेल्हाऱ्याजवळचे माझ्या बहिणीचे गाव, अकोल्यातील एक दवाखाना.

साक्षीदार : एक, शेजारच्या टेबलावरचे इंग्रजी टंकलेखक, ज्यांना सगळे चाचा म्हणत, आता हयात नाहीत. दोन, बहिणीची सासू, हयात, परंतु कानाने अधू. तीन, माझी धाकटी बहीण. तिने सर्व पाहिले, आणि तिलाच काही माहीत नाही.

नावे लिहिलेली नाहीत. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वय, धंदा या क्रमाशिवाय मी आजवर एकही अर्ज लिहिलेला नाही. नाव सांगायला ज्याने आढेवेढे घेतले त्याला मी टेबलावरून उठवले आहे. तरी या कागदावर नावे येणार नाहीत. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांची परवानगी मी घेतलेली नाही, आणि घ्यायची तर आधी सगळे सांगावे लागेल. तेच तर बारा वर्षे राहून गेले आहे.

हा मजकूर मी यापूर्वी चार वेळा लिहायला घेतला. दर वेळी दुसऱ्या पानावर हात थांबतो. मी पेनाला टोपण लावतो, उठतो, फाटकापर्यंत जाऊन परत येतो, टोपण काढतो. एरवी जमिनीच्या फेरफारापासून पोटगीपर्यंत कोणताही विषय मला सांगा, माणूस बोलून संपेपर्यंत माझा अर्ज पूर्ण झालेला असतो. ही बढाई नाही. कचेरीतले बाबू स्वतः लोकांना माझ्याकडे पाठवतात. म्हणूनच स्वतःची बाब मांडताना हात अडावा, हे मला सहन होत नाही.

माझ्या बहिणीची मुलगी सात वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला. अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. माझी पत्नी त्याआधीच वारलेली, मूलबाळ नाही, घर मोकळे. त्यामुळे बहीण आणि भाची माझ्याकडे राहायला आल्या. जावईबापू, म्हणजे बहिणीचे यजमान, तेल्हारा-अकोट रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवत, त्यांना तिकडेच राहणे भाग होते. दवाखान्याचे सर्व कागद माझ्या हाती आले आणि ते योग्यच आहे असे मला वाटले. बहीण शाळेत गेलेली नव्हती. घरातला शिकलेला मनुष्य मीच.

पहिली सलाईन संपवून निघताना परिचारिकेने एक पिवळे कार्ड दिले. ती म्हणाली, "मराठीतली संपलीत. ही इंग्रजीच आहेत. बसा पाच मिनिटं, मी समजावून सांगते."

मी म्हणालो, "सिस्टर, सरकारी कागद वाचणे हाच माझा व्यवसाय आहे."

बहीण माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो मला आजही जसाच्या तसा दिसतो. परिचारिकेने खांदे उडवले आणि ती पुढच्या मुलाकडे गेली.

घरी येऊन मी चष्मा लावला आणि कार्ड वाचून दाखवले. त्यावर सहा ओळी होत्या. पहिली, ताप आल्यास त्याच क्षणी आणणे. दुसरी, न शिजवलेले आणि बाहेरचे अन्न देऊ नये. तिसरी, हिरड्यांतून वा नाकातून रक्त आल्यास कळवणे. चौथी, लग्नकार्य, बाजार, गर्दी टाळणे. पाचवी ओळ सर्वांत लांब होती. तिच्यात तीन शब्द असे होते की ते मी कोणत्याही तगाईच्या, वारसाच्या वा जामिनाच्या कागदात पाहिलेले नव्हते. मी ते मनात दोनदा जुळवून पाहिले. जुळले नाहीत.

बहीण म्हणाली, "काऊन थांबले दादा?"

"ही औषधांची नावे आहेत. डॉक्टर लोकांसाठी."

"म्हंजे आपल्याले काई कराचं नाई?"

"आपल्याला नाही," मी म्हणालो, आणि सहावी ओळ वाचली. सहाव्या ओळीत फोन नंबर होता.

तिने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि देवाच्या फोटोमागे ठेवले. कोणत्याही कागदाची झेरॉक्स काढून ठेवणे ही माझी जुनी सवय. या कार्डाचीही काढली आणि पेटीत टाकली. ती पेटीत असताना मला कधीकधी ती तिथे आहे हे जाणवत असे. कागद जाणवतो, हे माझ्या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

मुलीचे केस गेले. दोन महिन्यांत ती त्या घराची मालकीण होऊन बसली. संध्याकाळी मी घरी आणलेले अर्ज लिहायला बसलो की ती डाव्या बाजूला माझ्या कुशीला टेकून बसे, डोक्यावर विणलेली हिरवी टोपी, हातात माझा शाईचा पॅड. रद्दी कागदांवर ती स्वतःचे अंगठे उठवी आणि मला मजकूर सांगे.

"मामाजी, लिवा. डॉक्टरबाईले लिवा. अर्ज करते की मले पाठीतली सुई देऊ नये."

"कारण लिहावे लागते."

"कारन दुखते."

"दुखते हे कारण चालत नाही. सर्वांनाच दुखते."

ती विचार करी. "मंग लिवा, मी लहान हाओ."

मी ते पक्क्या मराठीत लिहून देई, ती खाली अंगठा उठवी, आणि दुसऱ्या दिवशी तो अर्ज खरोखरच डॉक्टरबाईंना दिला जाई. बाई त्यावर लाल पेनाने 'अर्ज विचारार्थ ठेवला' असे लिहून परत देत. ते सगळे अर्ज बहिणीने जपून ठेवले आहेत.

श्रावणाच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका सकाळी माझ्या डाव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली, आगीची रेघ ओढल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी तिथे लालसर पट्टा आणि त्यावर पाण्याने भरलेले फोडांचे घोस उठले. आमच्याकडे त्याला नागीण म्हणतात. तिचे तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळले की माणूस जातो, असे लहानपणापासून ऐकलेले. मी स्वतःला अडाणी समजत नाही. पण त्या वर्षी रोज माझ्यासमोर बसून तिशी-पस्तिशीतल्या बायका नवऱ्याच्या मृत्यूचा दिनांक सांगत होत्या आणि मी तो लिहीत होतो. मरणाची भीती त्या दिवसांत अगदी टेबलाच्या कडेवर ठेवलेली असे. मी डॉक्टरकडे न जाता कुंभारवाड्यातल्या म्हातारीकडे गेलो.

तिने दुर्वांच्या रसात गेरू कालवून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आडव्या रेघा मारल्या, की पुढे सरकू नये म्हणून. मग म्हणाली, "पाच दिवस कोनाले सांगाचं नाई. बाईमानसाच्या, लेकराच्या नजरेत पडू द्याचं नाई. सांगितलं का उतार गेला."

मी सांगितले नाही. गेरू कपड्यांना लागू नये म्हणून अंगातल्या बनियनवर सुती उपरणे गुंडाळले आणि वरून सदरा घातला. फोड फुटत, उपरणे ओलसर होई. घरी आल्यावर मी ते सोडून खुंटीवर टाकत असे. मुलगी नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला येऊन टेकायची. मी तिला एकदाच म्हणालो, "आज उजवीकडे बस." ती म्हणाली, "तिकडं उजेड नाई." मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही. एका दुपारी ती सतरंजीवर झोपली होती आणि पंख्याचा वारा थेट अंगावर येत होता. बहीण भांडी घासत होती. मी खुंटीवरचे उपरणे काढले आणि मुलीच्या अंगावर घातले.

हे वाक्य लिहून मी आत्ता उठलो होतो. पाणी पिऊन आलो.

त्याच पाच दिवसांत तिच्या सुईची पाळी होती. बहिणीला ताप आल्यासारखे वाटत होते, म्हणून मुलीला घेऊन मीच गेलो. वॉर्डाबाहेरच्या लांब बाकावर आम्ही दोन तास बसलो. आमच्या दोन्ही बाजूंना मुले होती, टोप्या घातलेली, कोणी आईच्या मांडीवर, कोणी जमिनीवर चित्र काढत. एका पोराने माझ्या गुडघ्यावर गाडी चालवली. मी त्याचे कौतुक केले.

कचेरीसमोर चाचांनी मात्र काहीतरी ओळखले. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, इंग्रजी टंकलेखनात त्यांच्या तोडीचा माणूस जिल्ह्यात नव्हता, आणि आम्हा दोघांत मानाचा जुना वाद होता. ते मला मुद्दाम मुन्शीजी म्हणत.

"क्या मुन्शीजी, बाजू पकड के बैठे? किसी ने लात मारी क्या?"

"गॅस आहे."

"गॅस तो दिमाग में रहती तुमारे. पेट में कब उतरी?"

मी पुढच्या माणसाला टेबलाजवळ बोलावले. पाचव्या दिवशी फोड सुकू लागले. गेरूची सत्ता मी मनातल्या मनात मान्य केली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बहीण आणि मुलगी गावी गेल्या. दवाखान्याने तीन आठवड्यांची सुट्टी दिली होती आणि घरी महालक्ष्म्या बसायच्या होत्या. जाताना मुलगी जीपमधून ओरडली, "मामाजी, शाई वाळू देऊ नका."

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास चाचांच्या मोबाइलवर फोन आला. त्या वेळी आमच्या झाडाखाली मोबाइल त्यांच्याकडेच होता. बहीण बोलत होती.

"दादा, पोरीच्या अंगावर माता आली. कालपासून पोट दुखते म्हणे, आज फोड दिसले. आत्याबाई म्हन्ते पाच दिवस हलवाचं नाई, दवाखान्यात तं नेवाचंच नाई, माय कोपते. तुमी कागद वाचला होता. त्यात काई लिवलं हाये का मातेचं?"

माझ्यासमोर एक बाई अर्धवट अर्ज सोडून बसलेली. चाचा टंकयंत्रावरून हात काढून ऐकत होते. मला पेटीतली झेरॉक्स आठवली आणि त्यातली पाचवी ओळ, तिच्या त्या तीन शब्दांसह.

मी म्हणालो, "कागदात तसे काही नाही. थांबा पाच दिवस."

फोन परत करताना चाचांनी विचारले, "किसको निकली?"

"भाचीला."

"वो बीमार बच्ची को? डाक्टर को पूछा?"

"मी कागद वाचलेला आहे, चाचा."

ते टंकयंत्राकडे वळले. मी त्या बाईचा अर्ज पुरा केला. तिच्या गावाचे नाव चुकवले, तो फाडला, पुन्हा लिहिला. चार वाजता टेबल आवरले. घरी गेलो आणि बसलो नाही. स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून स्वयंपाकघरात. खुंटीवर उपरणे होते. मी ते धुतले, वाळत घातले, वाळायच्या आत काढले, परत धुतले. पेटी उघडली नाही. अंधार पडण्यापूर्वीच दिवा लावला आणि तो जळत ठेवूनच पडलो.

सकाळी पेटी उघडली. झेरॉक्स एका जुन्या अर्जाच्या घडीत घालून मी चाचांच्या टेबलावर ठेवली. वीस वर्षांत मी त्यांच्याकडे इंग्रजीचा कागद नेला नव्हता. मला येत नाही हे त्यांना कळले असते, एवढेच कारण.

"पाचवी ओळ," मी म्हणालो. "अक्षर अस्पष्ट आले आहे."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. अक्षर अगदी स्वच्छ होते. त्यांनी तेही पाहिले. ओळीवर बोट ठेवून त्यांनी हळूहळू सांगितले, "लिखा है, बच्चा अगर माता निकले हुए किसी के पास बैठा, या नागीन निकले हुए किसी के पास बैठा, तो फोड आने की राह मत देखो. उसी दिन खबर करो. दोनों एकही बीमारी का बीज है. और फोड दिखे तो एक घंटा भी घर मत रखो. इन बच्चों को वो अंदर से खाती है, कलेजा, फेफडे."

त्यांनी ओळीवरचे बोट उचलले. त्यांची नजर माझ्या डाव्या कुशीकडे गेली.

"मुन्शीजी, वो तुमारी गॅस..."

मी कागद ओढून घेतला. "वाचून झाले ना?"

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "पहले डाक्टरनी को लगाओ. झगडा बाद में."

सहाव्या ओळीतल्या नंबरवर डॉक्टरबाई मिळाल्या. मी सांगितले. "कालच का नाही सांगितलंत? अमरावतीला आणू नका, वेळ जाईल. अकोला जवळ आहे. तिथे माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, शिरेतून औषध सुरू करतील. मी आत्ता बोलते. तुम्ही फक्त मुलीला पोचवा."

बहिणीच्या शेजाऱ्याचा फोन लागला नाही. सणाचा दिवस. मी बसने निघालो. दर्यापूरपर्यंत जागा होती, तरी दरवाजाजवळ उभा राहिलो. वाहक म्हणाला, "बसा ना भाऊ, गाडी काय तुमच्या उभं रायल्यानं पयते का?" मी बसलो आणि पुढच्या थांब्यावर उठलो. अकोटला गाडी बदलली. बाहेर कपाशीची शेते सरकत होती आणि मी मनात वाक्ये जुळवत होतो. विहीणबाईंपुढे, म्हणजे बहिणीच्या सासूपुढे, काय बोलायचे, कोणत्या शब्दांत, हरकत घेतल्यास प्रत्युत्तर काय. मला वाटत होते की योग्य मजकूर मिळाला तर माणूस ऐकतोच.

दाराला कडुनिंबाची डहाळी होती. बाहेरच्या खोलीत महालक्ष्म्या उभ्या, नवी लुगडी, गळ्यात हार. पण घरात फोडणीचा वास नव्हता. माता आलेल्या घरात तेल कढवत नाहीत, म्हणून सोळा भाज्यांचा नैवेद्य शेजारणीच्या चुलीवर चालला होता. सगळे हळू बोलत होते. आतल्या खोलीत बाजेवर, निंबाच्या पाल्यावर, मुलगी. पापण्यांवर फोड, ओठांच्या आत फोड, हिरवी टोपी काढलेली आणि त्या उघड्या डोक्यावरही. गुडघे पोटाशी घेतलेले. बहीण तिच्या पायाशी.

मुलीने मला पाहिले. आवाज जाड झाला होता. "मामाजी, कागद आनला का? मातेले लिवा. पोटात नोको येऊ म्हना."

मी कागद आणला नव्हता. आयुष्यात त्याच दिवशी माझ्या खिशात पेन नव्हते.

बाहेर येऊन मी विहीणबाईंपुढे उभा राहिलो आणि तयार केलेला मजकूर सुरू केला. वैद्यकीय सल्ल्यानुसार, सदर रुग्ण, विलंब झाल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी. त्या पदराने हात पुसत ऐकत राहिल्या.

"झालं का इवाईबुवा?" त्या म्हणाल्या. "तुमचं बोलनं मले नाई समजत. माय घरी आली हाये. पावनीले कोनी पाच दिवसाआंधी घराबाहेर काढते का?"

"इनबाई, पोरगी मरून जाईल."

हे वाक्य मी जुळवलेले नव्हते. बहीण आतून उठून दारात आली. जावईबापू भिंतीला टेकून उभे होते, ते सरळ झाले. म्हातारी माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांतला राग हळूहळू कसलातरी हिशेब करू लागला.

"कोठी नेता तिले?"

"दवाखान्यात. अमरावतीच्या डॉक्टरबाईंच्या..."

"अमरावतीले." तिने मान हलवली. "तिथं अंबामाय हाये. ते इची बहीन. बहिनीच्या भेटीले नेतो म्हना, असं म्हना मायले. मंग नेता येते. काढून देनं नाई होत ते."

तिने स्वतःच आत जाऊन हात जोडले आणि मातेला सांगितले की चल माय, तुले तुया बहिनीकडे नेतो. तांब्यात पाणी भरले, निंबाची डहाळी घेतली. मी तीन तालुक्यांत युक्तिवादासाठी ओळखला जातो. त्या घरातून मुलगी बाहेर निघाली ती त्या बाईच्या एका वाक्यावर.

जीपमध्ये मुलीचे डोके आजीच्या मांडीवर, डहाळीने वारा. जावईबापू एकदाही हॉर्न न वाजवता गाडी चालवत होते, आजीने ताकीद दिली होती. अकोल्याच्या पाट्या दिसू लागल्या तशा विहीणबाई म्हणाल्या, "हे तं अकोलं. बहीन तं अमरावतीले हाये."

मी म्हणालो, "वाटेतला मुक्काम, इनबाई."

त्यांनी डहाळीचा वारा चालू ठेवला. "मुक्काम चालते."

दवाखान्यात मुलीला सर्वांपासून वेगळ्या खोलीत ठेवले आणि सलाईनमधून औषध सुरू झाले. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन बहिणीपुढे उभे राहिले. मी पुढे झालो, अर्थातच.

"पंधरा-वीस दिवसांत घरात, शेजारी, कोणाला कांजण्या आल्या होत्या? किंवा नागीण?"

बहीण म्हणाली, "नाई जी. कोनालेच नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुमच्या घरी राहत होती ना ती?"

"नाही," मी म्हणालो. "कोणालाही नाही."

त्यांनी लिहून घेतले. जाता जाता ते स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले, "कुठून आलं ते कळलं असतं तर बरं होतं. तिच्यासोबत वॉर्डात बसणारी मुलं आहेत. त्यांनाही धोका आहे."

मी दवाखान्याच्या आवारात फेऱ्या मारू लागलो. गुडघ्यावर गाडी चालवणारे पोर डोळ्यांपुढून हलेना. संध्याकाळचे पाच-साडेपाच झाले असतील. चहाच्या टपरीवरून एक कागद आणि पेन मागून घेतले, पायरीवर बसलो आणि अर्ज लिहिला. तोंडाने बोलणे मला जमले नसते. अर्ज असा होता:

'महोदय, मी खाली सही करणार, सदर मुलीचा मामा, असे निवेदन करतो की, मघाशी आपण विचारलेल्या प्रश्नास मी खोटे उत्तर दिले. मला नागीण झाली होती. ती लपवली. त्या काळात मुलगी माझ्या कुशीला बसत होती, माझे उपरणे तिने पांघरले, आणि अमुक वारी मी तिला घेऊन अमरावतीच्या वॉर्डाच्या बाकावर दोन तास बसलो. त्या मुलांना कळवावे ही विनंती.'

डॉक्टरांनी तो उभ्याउभ्या वाचला. माझ्यावर ओरडले नाहीत. बसवले, आणि बाकावर कोण कोण होते ते आठवायला लावले: गाडीवाला मुलगा, टोपीला वेण्यांचे गंगावन लावलेली मुलगी, तिचा भाऊ. अमरावतीला फोन गेला. त्या मुलांना बोलावून तपासले, लागेल त्यांना औषध दिले, कोणाला काही झाले नाही, असे मला पुढे सांगण्यात आले. मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली नाही. उत्तर वेगळे आले असते तर, या भीतीने.

खोलीबाहेर बहीण होती. तिने दुरून पाहिले होते. "कायचा अर्ज देला दादा?"

"सवलतीचा," मी म्हणालो.

बारा दिवस. तिसऱ्या दिवशी फुप्फुसात उतरले, नाकाला नळी लागली. डोळे पिवळे झाले. मी काचेतून पाहत असे, आत जाण्याची मला मनाई होती आणि मला ती शिक्षा पुरेशी वाटत नसे. विहीणबाई जिन्याखाली तांब्या घेऊन बसून राहिल्या. आठव्या दिवशी मुलीने डोळे उघडून पाणी मागितले. दहाव्या दिवशी काचेपलीकडून तिने अंगठा दाखवला. मला वाटले बरे वाटते म्हणते, पण ती शाईचा पॅड मागत होती.

ती वाचली. कर्करोगाचे औषध दीड महिना थांबले, मग पुन्हा सुरू झाले, दोन वर्षांनी संपले. भुवईपाशी एक खोल व्रण राहिला. अकोल्याहून सुटल्यावर आम्ही आधी अमरावतीला गेलो, कारण विहीणबाई ऐकेनात. अंबामायच्या पायरीवर त्यांनी निंबाची वाळलेली डहाळी ठेवली आणि म्हणाल्या, "घे बाई, तुई बहीन. पोचती केली."

इथवर लिहिले म्हणजे अर्ज संपायला हवा. पण तक्रार इथेच सुरू होते. गावात, नात्यात, बहीण एकच गोष्ट सांगते. दादाने कागद वाचला होता म्हणून पोरगी वाचली. दादा सणाच्या दिवशी धावत आला. भाऊबीजेला ती मला ओवाळते तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी येते, आणि निरांजनाच्या उजेडात मी पाटावर बसून असतो, उठावेसे वाटते आणि उठता येत नाही. बारा वेळा बसलो आहे. तिला सांगायला दर वेळी तोंड उघडले आणि दर वेळी म्हणालो, "लाडू चांगले झाले."

चाचा दर वर्षी महालक्ष्म्यांच्या सुमाराला, टंकयंत्रावरून नजर न काढता, विचारत, "बताया क्या बहन को?" मी म्हणे, सांगतो. ते म्हणत, "कब? मुन्शीजी, तुमारी अर्जी तो एक दिन में निकलती सब की." गेल्या वर्षी ते गेले. दफनाहून परत येताना मला सुटल्यासारखे वाटले, की आता विचारणारे कोणी नाही. फाटकापर्यंत आलो, त्यांचे रिकामे टेबल दिसले, आणि ते सुटणे तिथेच संपले.

म्हणून, चिरंजीव भाची, हा अर्ज तुझ्याकडे. तू आता अकोल्याला कॉलेजात शिकतेस, इंग्रजी माझ्यापेक्षा बरे वाचतेस. तुझ्या आईला वाचता येत नाही, ही गोष्ट आजवर माझ्या पथ्यावर पडली. ती आता पडू नये. विनंती अशी की हे सर्व तू तिला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावेस. अडेल तिथे थांबावे, तिला विचारू द्यावे. माझ्या बाजूने काही समजावून सांगू नये. मुख्य म्हणजे, वाचताना एकही ओळ गाळू नये.

ती जो निर्णय देईल तो लेखी कळवावा. तिला सही येत नाही हे मला माहीत आहे. अंगठा चालेल, शाईचा पॅड मी सोबत पाठवत आहे, ओला करून ठेवला आहे. उत्तर येईपर्यंत भाऊबीजेच्या पाटावर बसणार नाही, याची नोंद घ्यावी.

अर्जदार व गैरअर्जदार,
तुझा मामा